मुलाला पहिल्यांदा गळ टाकायला नेताना

मूल सहा-सात वर्षांचं झालं की गळाचा नाद असलेल्या आईबापांना घाई होते, याला कधी एकदा पाण्यावर नेतोय. मग एका पहाटे त्याला झोपेतून उठवतात, स्वतःच्या मापाची लांबलचक काठी त्याच्या हातात देतात, चार तास ‘गप्प बस, मासे पळतील’ म्हणत दटावतात आणि पुढच्या वेळी पोरगं यायला नाही म्हणालं की ‘आजकालच्या मुलांना मोबाइल सोडून काही नको’ असं ऐकवतात.

हा लेख त्यांच्यासाठी आहे. ज्यांनी आयुष्यात कधी गळ टाकला नाही, पण मुलाने हट्ट धरलाय म्हणून जे अडकलेत, त्यांच्यासाठीही आहे. घरातल्या आणि शेजारपाजारच्या मुलांना शिकवताना माझं एक मत पक्कं झालंय. पहिल्या काही फेऱ्यांत किती मासे मिळाले हे मोजायचंच नाही. परतताना मूल ‘परत कधी जायचं?’ असं विचारतं का, तेवढं बघायचं. खालच्या सगळ्या सूचना त्याच हिशेबाने दिल्या आहेत. म्हणून पहिली सूचना आत्ताच देऊन टाकतो. तुमची स्वतःची काठी घरी ठेवा. दोन काठ्या घेऊन गेलात की तुमचं अर्धं लक्ष तुमच्या बुचाकडे, म्हणजे मासा लागला की बुडणाऱ्या तरंगत्या खुणेकडे, जाणार, आणि मुलाला ते लगेच कळतं.

१. आधी परवानगी, मग काठी

‘लहान मुलाला कोण विचारतंय’ हा पहिला सापळा. नियम देशागणिक बदलतात, कधी एकाच नदीच्या दोन काठांवरही वेगळे असतात. इंग्लंड आणि वेल्समध्ये १३ वर्षांखालच्या मुलांना गोड्या पाण्यात काठीने मासे धरायला परवाना लागत नाही. १३ ते १६ वयाच्या मुलांना तो फुकट मिळतो, पण काढावा लागतो. जर्मनीत मोठ्या माणसाला परवान्याआधी साधारणपणे परीक्षा द्यावी लागते. तुम्ही असाल तिथले नियम मत्स्य विभागाकडून किंवा पाण्याच्या मालकाकडून नीट विचारून घ्या. सरकारी परवाना आणि त्या विशिष्ट तळ्यावर बसायची परवानगी या पुष्कळदा दोन वेगळ्या गोष्टी असतात.

विचारताना हे प्रश्न विसरू नका:

- विणीच्या हंगामात बंदी असते का, असली तर कधीपासून कधीपर्यंत?
- कोणता मासा किती लांबीचा झाल्यावर ठेवता येतो? लांबी शेपटीच्या टोकापर्यंत मोजायची की शेपटीच्या खाचेपर्यंत?
- दिवसाला किती मासे ठेवता येतात?
- कोणतं आमिष चालत नाही?
- मुलाची काठी मी हातात धरली तर मला वेगळा परवाना लागेल का?

शेवटच्या प्रश्नावर बरेच जण फसतात. परवान्यातून सूट मुलाला असते, तुम्हाला नसते. मूल फुलपाखरामागे गेलं आणि काठी तुमच्या हातात राहिली, तर तपासणीला आलेला माणूस तुमच्याकडेच परवाना मागणार.

सोबत ठेवायचे कागद: परवाना, जागेच्या परवानगीची पावती, तुमचं ओळखपत्र आणि मुलाच्या वयाचा दाखला. सगळ्यांचे फोटो फोनमध्ये असू द्या, कागद भिजतात.

२. जागा

मोठ्या माशांची जागा शोधू नका. बोटाएवढे मासे भरपूर असलेलं छोटं, संथ तळं मुलासाठी उत्तम. तासाभरात पाच चिल्लीपिल्ली लागली तर मूल खूश. एका मोठ्या माशाची तीन तास वाट बघणं हा मोठ्यांचा छंद आहे.

काठ सपाट हवा आणि कडेला पाणी उथळ हवं. शेवाळलेला दगड, घसरणीची माती, वाहता प्रवाह, धरणाखालचं अचानक वाढणारं पाणी हे सगळं टाळा. वर मान करून विजेच्या तारा आहेत का ते बघा. कार्बन फायबरच्या काठीतून वीज वाहते, आणि लांब काठी उभी धरून चालणाऱ्या मुलाचं वर लक्ष नसतं. सावली आणि जवळपास स्वच्छतागृह असेल तर फार सोय होते. हे सगळं आधी एकट्याने जाऊन बघून या.

३. सामान

पहिल्या फेरीला रीळ, म्हणजे काठीवरचं दोरा गुंडाळायचं चाक, नको. माझं हे मत अनेक मुरलेल्या मासेमारांना पटत नाही. त्यांना वाटतं, रिळाशिवाय मुलाला मजा काय? पण रीळ आलं की गुंता आला, आणि गुंता सोडवत बसलेल्या बापाकडे बघत मूल कंटाळतं. अडीच-तीन मीटरची हलकी काठी घ्या, बांबूची चालेल, आणि दोरा थेट तिच्या टोकाला बांधा. दोरा काठीपेक्षा वीतभर आखूड ठेवा, म्हणजे काठी उभी केली की गळ आपोआप हाताशी येतो.

- तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा: ०.२० ते ०.२५ मिमी जाडीचा, तीन-चार किलोचा ताण सोसणारा. छोट्या माशांना एवढा जाड दोरा लागत नाही, पण मूल तो झाडात अडकवणार हे धरूनच चाला.
- गळ: १० ते १४ नंबरचे. इथे आकडा वाढतो तसा गळ लहान होत जातो. १ नंबरपेक्षाही मोठे गळ मात्र १/०, २/० असे चढत जातात. दुकानात घोळ होतो तो इथेच.
- बूच: बारीक, उभं तरंगणारं, टोकाला लाल किंवा केशरी रंग असलेलं.
- दोऱ्यावर चिमटून बसवायचे वजनाचे मणी.
- बारीक तोंडाची पक्कड, छोटी कात्री, गळ काढायची दांडी.
- लांब दांड्याचं मऊ जाळं आणि एक बादली.
- मुलाच्या मापाचं लाइफ जॅकेट, काठाची टोपी, चष्मा किंवा गॉगल.
- प्रथमोपचाराची पेटी, पाणी, खाऊ, कपड्यांचा जादा जोड, जुना टॉवेल.

मण्यांबद्दल थोडं जास्त सांगतो. पूर्वी हे मणी शिशाचे असत, आणि कितीतरी मोठी माणसं ते अजूनही दातांनी चावून दोऱ्यावर बसवतात. मुलं बघतात आणि तसंच करतात. शिसं विषारी आहे, आणि मुलांच्या मेंदूला ते अगदी थोड्या प्रमाणातही बाधतं. तळाशी पडलेले मणी खडे समजून गिळल्याने हंस मरत होते, म्हणून ब्रिटनने १९८७ मध्ये अशा छोट्या शिशाच्या वजनांवर बंदी आणली. कथलाचे किंवा टंगस्टनचे मणी मिळतात, तेच घ्या. आणि ते पक्कडीनेच दाबा, मुलाच्या देखत तर नक्कीच.

गळ विकत आणल्यावर घरीच एक काम उरका. टोकाजवळ जो बारीक उलटा काटा असतो, तो पक्कडीत धरून सपाट दाबून टाका. मग कापसावरून गळ ओढून बघा. धागे अडकले तर अजून दाबायला हवं. याने चार मासे सुटतील, सुटू द्या. हाच गळ एखाद दिवशी मुलाच्या किंवा तुमच्या बोटात घुसणार आहे आणि तेव्हा तो आल्या वाटेने सहज बाहेर यायला हवा.

४. घरचा सराव

निघायच्या आधीच्या आठवड्यात तीन गोष्टी खेळता खेळता होतात.

गाठ. दोरा गळाच्या नेढ्यातून ओवा. त्याचं टोक मूळ दोऱ्याभोवती पाच-सहा वेळा गुंडाळा. मग ते टोक मागे आणून नेढ्यालगतच्या पहिल्या फटीतून काढा. गाठ थुंकीने किंवा पाण्याने ओली करा, सावकाश आवळा आणि उरलेलं टोक कापा. कोरडी गाठ ओढली की घर्षणाच्या उष्णतेने तंगूस तिथेच कमजोर होतो. मुलाला हे जाड दोरीवर आणि मोठ्या कडीवर शिकवा, बारीक तंगूस त्याच्या बोटांत अजून मावायचा नाही.

टाकणं. दोऱ्याला गळाऐवजी खोडरबर बांधा, अंगणात एक बादली ठेवा आणि नेम धरायला लावा. डोक्यावरून फेकायचं नाही. एका हातात रबर, दुसऱ्या हातात काठी. काठीचं टोक उचलायचं, रबर सोडून द्यायचं आणि झोका जाईल तसा जाऊ द्यायचा. या पद्धतीत गळ कोणाच्या कानामागून फिरत नाही.

आणि आदल्या संध्याकाळी गांडुळं खणणं. कुंडीखाली, कुजलेल्या पाल्याखाली, ओल्या मातीत. झाकणाला भोकं पाडलेल्या डब्यात थोडी माती घालून ठेवा आणि डबा सावलीत असू द्या. कित्येक मुलांना अख्ख्या मोहिमेत हाच भाग सर्वांत जास्त आवडतो.

५. काठावरचे कायदे

हे घरीच ठरवायचे आणि मुलाकडून म्हणवून घ्यायचे.

लाइफ जॅकेट गाडीतून उतरताच चढवायचं, घरी परत निघताना काढायचं. ते बरोबर बसलंय का हे बघायला सगळे पट्टे लावून खांद्यांवर धरून वर उचला. जॅकेट हनुवटीच्या वर सरकलं तर ते मोठं आहे. लहान मुलांसाठी दोन पायांमधून जाणारा पट्टा असलेलं घ्या. फुगवायचं टायर किंवा दंडातले फुगे म्हणजे लाइफ जॅकेट नव्हे. जॅकेट घातलं तरी लहान मूल तुमच्या हाताच्या अंतरावरच हवं. बुडणारं मूल सहसा ओरडत नाही, तोंड पाण्याच्या वर ठेवण्यातच त्याची सगळी शक्ती खर्च होते. त्यामुळे ‘आवाज आला की बघतो’ हे चालत नाही.

गळ टाकण्याआधी मागे वळून बघायचं आणि ‘टाकतोय’ म्हणायचं. चालताना गळ काठीला अडकवलेला हवा, लोंबकळता नको. चष्मा प्रत्येकाच्या डोळ्यांवर हवा, नुसत्या बघ्यांच्यासुद्धा. झाडात अडकलेला गळ जोराने ओढला की तो सुटून थेट तोंडावर येतो.

ढग गडगडले की काठी खाली ठेवून निघायचं. पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत बसायचं, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं तरी परत पाण्याजवळ यायचं नाही.

गळ लागलाच तर: उथळ असेल आणि उलटा काटा दाबलेला असेल तर आल्या वाटेने मागे काढा, जखम साबणाने धुवा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते बघा. खोल घुसला असेल, सांध्यात असेल किंवा डोळ्याच्या आसपास असेल तर अजिबात ओढू नका. दोरा कापा, गळ हलणार नाही असं बघा आणि डॉक्टर गाठा.

अंगावर जखम असेल तर ती झाकूनच पाण्याजवळ जा आणि खाऊला हात लावण्याआधी साबणाने हात धुवा. साचलेल्या पाण्यातून लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या तापाची) लागण होऊ शकते.

६. पाण्यावर

उजाडताना किंवा दिवस कलताना जा. भर दुपारी मासे मंद असतात आणि मूल वैतागलेलं. वेळ तासाभराची ठेवा. मूल रमलंय असं दिसलं तरी दीड तासाच्या पुढे ताणू नका.

‘गप्प बस’ हा हुकूम द्यायची गरजच नसते. हवेतला आवाज बहुतांशी पाण्याच्या पृष्ठभागावरून परत फिरतो, त्यामुळे गप्पा मारल्याने मासे पळत नाहीत. पळतात ते पायांच्या धपधप आवाजाने. जमिनीची थरथर पाण्यात उतरते आणि माशांच्या अंगावरच्या पार्श्वरेषेला, म्हणजे थरथर टिपणाऱ्या कुशीवरच्या रेषेला, ती बरोबर कळते. म्हणून बोलू द्या, धावू देऊ नका. आणि बसवा. पाण्याखालून माशाला बाहेरचं सगळं जग सुमारे ९७ अंशांच्या एका गोल खिडकीतून दिसतं. काठावर उभा असलेला माणूस त्या खिडकीत डोकावतो, बसलेला तिच्या अगदी काठाला दबतो. मुलाची उंची इथे चक्क फायद्याची ठरते. सावली पाण्यावर पडणार नाही एवढं मात्र बघा.

आता बूच लावा. पाण्यावर आडवं पडलं तर मणी तळाला टेकलेत, म्हणजे बूच गळाच्या दिशेने थोडं खाली सरकवा. उभं राहिलं पण अर्धंअधिक बाहेर असेल तर एखादा मणी वाढवा. फक्त रंगीत टोक वर राहिलं की झालं. हे मुलाला स्वतः करू द्या, दहा वेळा चुकलं तरी.

अख्खं गांडूळ लावू नका. बोटाच्या एका पेराएवढा तुकडा घ्या, गळावर मोज्यासारखा चढवा आणि टोक थोडं वळवळतं राहू द्या. ज्या मुलाला गांडुळाची किळस येते त्याच्यासाठी कणकेची गोळी किंवा मक्याचा दाणा आहे. किळस घालवायचा प्रयत्न त्या दिवशी करू नका.

बूच आधी थरथरतं. मूल लगेच काठी उपटतं आणि वर येतो तो रिकामा गळ. थरथर म्हणजे मासा टोचून बघतोय. बूच पूर्ण खाली गेलं किंवा एका बाजूला चालू लागलं की मनगटाने काठी फक्त उचलायची. हिसका मारला की चिमुकला मासा उडून मागच्या झुडपात जातो. हे बघून मुलं खिदळतात, पण माशाच्या दृष्टीने ते बरं नव्हे.

७. मासा हातात आल्यावर

आधी हात ओले करा. माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर त्याचं रोगांपासून रक्षण करतो, कोरड्या हाताने किंवा टॉवेलने तो निघून जातो. मिशा असलेला मासा आला तर तो मुलाच्या हाती देऊ नका. अशा माशांच्या पाठीवरच्या आणि छातीवरच्या परांपाशी ताठ काटे असतात, काही जातींत ते विषारीही असतात. काट्यांच्या मागून पकडायचं, किंवा जाळ्यातच ठेवून पक्कडीने गळ काढायचा.

गळ ओठात असेल तर पक्कडीने शिरला त्याच्या उलट दिशेला वळवून काढा. मासा सोडायचा असेल आणि त्याने गळ खोल गिळला असेल तर आत कोरत बसू नका, तोंडाजवळ दोरा कापून सोडा.

फोटोची घाई सगळ्यांना असते. फोन आधीच तयार ठेवा, मासा पाण्यातल्या जाळ्यातच असू द्या, मग क्षणभर उचला आणि परत पाण्यात. फेकायचा नाही, ओंजळीतून जाऊ द्यायचा. बादलीत ठेवून बघायचा असेल तर दोन-तीन लहान मासे, सावलीत आणि थोडाच वेळ. पाणी तापलं की त्यातला प्राणवायू कमी होतो आणि मासे पृष्ठभागावर तोंड उघडून धापा टाकायला लागतात. मुलाला ते दाखवा आणि लगेच सोडायला लावा.

८. ‘त्याला दुखतं का?’

हा प्रश्न येणार. ‘नाही रे, माशांना काही कळत नाही’ हे सोपं उत्तर देऊ नका, ते खरं नाही. २००३ मध्ये लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्राउट माशाच्या डोक्यावर इजा टिपणारे चेतातंतू असल्याचं दाखवलं. माशाला नेमकं काय वाटतं यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहेत, पण इजा त्याला जाणवते एवढं मुलाला सांगायला हरकत नाही. त्यातूनच उलटा काटा का दाबला, हात ओले का केले, हे त्याला समजतं. ऐकून एखादं मूल म्हणेल की मला नाही मासे धरायचे. मग काठी ठेवून हातजाळ्याने पाण्यातले किडे बघा. मन वळवत बसू नका.

मासा घरी न्यायचा असेल तर तो आधी मारायचा. बादलीत किंवा पिशवीत तडफडत ठेवणं हा आळस आहे, बाकी काही नाही. आखूड जड दांडक्याचा एक घट्ट फटका डोळ्यांच्या किंचित मागे, डोक्यावर. मग कल्ल्यांपाशी कापून रक्त जाऊ द्यायचं. मुलाला विचारा, बघायचंय का. नको म्हणालं तर पाठ करून उभं राहू द्या. बघायचं म्हणालं तर लपवू नका. सगळेच सोडायचे असं ठरवण्याआधीही नियम बघा. जर्मनी आणि स्वित्झर्लंडसारख्या देशांत केवळ गंमत म्हणून मासा धरून सोडून देण्यावर कायद्याची बंधनं आहेत.

९. काहीच लागत नसेल तर

वीस मिनिटं बूच हललं नाही की जागा बदला, खोली बदला, आमिष बदला. तरीही नाही, तर काठी गुंडाळा आणि चिखलातले ठसे शोधा. कुत्र्याच्या ठशात नखांच्या खुणा दिसतात, मांजराच्या सहसा दिसत नाहीत, कारण ती चालताना नखं आत घेते. बगळा कुठे थांबतो, किती वेळ पाय हलवत नाही, हे मोजायला सांगा. ठसा ताजा की जुना, वारा कुठून येतो, आपला वास कोणाकडे जातोय, हे सगळं इथेच सुरू होतं.

मुलाला पुढे शिकारीबद्दल कुतूहल वाटलं तर याच वाटेने जा: माग, दुर्बीण, निश्चल बसणं. हत्यार हा फार पुढचा आणि कायद्याचा विषय आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. जिथे परवानगी आहे अशा अनेक ठिकाणी आधी सुरक्षिततेचं प्रशिक्षण सक्तीचं असतं. ते घरगुती शिकवणीने भागत नाही.

१०. आवरणं

तुटलेला तंगूस काठावर सोडू नका, तो पक्ष्यांच्या पायांत अडकून त्यांना कायमचं जायबंदी करतो. बारीक तुकडे करून घरी आणा. गळ मोजून डब्यात परत, नेले तेवढे आले पाहिजेत. मोजायचं काम मुलाकडे द्या, ते चुकत नाही. उरलेली गांडुळं कुंडीत जाऊ द्या. बादलीतला मासा दुसऱ्या तळ्यात कधीच सोडू नका, रोगही जातात आणि परकी जातही पसरते. जाळं आणि बादली धुऊन कडकडीत वाळवा.

आणि रीळ? मूल कोणी न सांगता आमिष लावू लागलं, मागे बघून गळ टाकू लागलं, ओल्या हाताने मासा सोडू लागलं की द्या. आधी बटण दाबायचं बंद रीळ, आखूड काठीवर. उघडं रीळ त्यानंतर. तेव्हा मग तुमची स्वतःची काठीसुद्धा बाहेर काढायला हरकत नाही, शेजारी बसून.